आमोस अलोंझो स्टॅग ह्यांचा जीवनक्रम

आमच्या मंडळ्यांतून असे पुष्कळ बंधू आहेत की, ज्यांच्या मनी प्रभूच्या सेवेची इच्छा मोठी, परंतु चार माणसांपुढे उभे राहिले म्हणजे त्यांची जीभ टाळूस चिकटते. असे कोणी आम्हांजवळ बसून आपले दुःख सांगू लागले म्हणजे आम्हांस अमेरिकेतील एका गृहस्थाचे स्मरण होते. त्यांसही पाळक व्हावयाचे होते. त्यासाठी त्यांनी अर्धपोटी राहून विद्या केली, ईश्वरविज्ञानशाळेत नाव घातले, आणि तेथे त्यांस कळून आले की, आपणांस उपदेश करिता येत नाही. त्यानंतर सत्तर वर्षे त्यांनी तरुणांस चेंडूचा खेळ शिकविला. आमच्या वाचकांपैकी कित्येकांस हे ऐकून हसू येईल. तरी त्यांनी थोडा धीर धरून पुढे वाचावे.

आमोस अलोंझो स्टॅग ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी संस्थानातील वेस्ट ऑरेंज ह्या गावी झाला. त्या वेळी अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील लोकांचे आपसांतील युद्ध चालू होते. घरात आठ मुले. आमोस हा त्यांतील पाचवा. बाप जोडे शिवण्याचे काम करी व मिळेल ती मजुरीही करी. आमच्यापैकी ज्यांचे वाडवडील हाच धंदा करीत आले त्यांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. मुलाने लहानपणापासून अंगमेहनतीची कामे केली, व त्यातून वेळ काढून शाळा केली; त्यामुळे शिक्षणास उशीर होत गेला. न्यू हॅम्पशायर संस्थानात फिलिप्स एक्झीटर नावाची एक नामांकित शाळा आहे. तेथे तो गेला तेव्हा विशी उलटून गेली होती. राहावयास माळ्यावरची एक खोली, तीत शेकोटी नाही. बाहेर बर्फ पडत असे. खाण्यास शिळा पाव, साधी बिस्किटे व दूध. १८८४ साली तो येल विद्यापीठात दाखल झाला तोही पाळक होण्याच्याच हेतूने, आणि तेथेही काही काळ पोटाची ओढाताण तशीच चालली.

येल येथे त्याचे नाव झाले ते मात्र विद्येमुळे नव्हे. अमेरिकेत बेसबॉल म्हणून एक खेळ आहे; त्यात एकाने चेंडू फेकावयाचा व दुसऱ्याने तो दांडक्याने मारावयाचा. स्टॅग हे चेंडू फेकण्यात इतके निष्णात निघाले की, त्यांच्या हातून येलच्या संघास वर्षामागून वर्षे अजिंक्यपद मिळाले. हे पाहून पैसे घेऊन खेळणाऱ्या मंडळ्या त्यांस आपल्याकडे ओढू लागल्या. न्यूयॉर्कच्या मंडळीने एका हंगामासाठी ४,२०० डॉलर देऊ केले. चांभाराच्या मुलास ही रक्कम केवढी वाटली असेल ह्याचा विचार करावा. त्यांनी ती नाकारली. आपण धर्मसेवेसाठी वाहिलेले आहो, आणि त्या काळच्या धंदेवाईक खेळाच्या मैदानांभोवती दारूचे गुत्ते असत, तेथे आपले काम नाही, असे त्यांस वाटले. पदवी घेतल्यावर ते येलच्याच ईश्वरविज्ञानशाळेत राहिले. १८८९ साली साऱ्या अमेरिकेतील विद्यार्थ्यांतून फुटबॉलचे अकरा उत्तम खेळाडू प्रथमच निवडण्यात आले, त्यांत त्यांचे नाव होते.

येथे ह्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कारण आपली मुले शाळेच्या अंगणात ज्या चेंडूस लाथेने मारितात तो हा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोहो टोकांस निमुळता असतो, आणि तो हातात धरून पळावयाचे असते. दोन्ही बाजूंस अकरा अकरा माणसे; एका बाजूने चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचावयाचे, व दुसऱ्या बाजूने त्यास धरून भुईवर पाडावयाचे. हुतूतूत गडी मध्यरेषेकडे झेपावतो व पाचसहा जण त्याच्या अंगावर पडतात, तसेच हे दृश्य दिसते; मात्र येथे धक्का फार मोठा असतो व हाडे मोडण्याचे भय नित्याचे. एकेक वार जमीन झगडून मिळवावी लागते. म्हणून ह्या खेळात बळाइतकेच युक्तीचे महत्त्व आहे. आणि ती युक्ती शिकविणारा जो वस्ताद, त्यास तिकडे कोच म्हणतात.

ईश्वरविज्ञानशाळेतील दिवसांत स्टॅग ह्यांस ठिकठिकाणी तरुणांपुढे भाषण करण्याची पाळी येई. खेळाडू म्हणून लोक त्यांस पाहण्यास आनंदाने येत, परंतु ते बोलू लागले म्हणजे शब्द सापडत नसत, वाक्य अर्ध्यावर राही, आणि ऐकणारांची चुळबूळ सुरू होई. मोशेने देवापुढे जी अडचण मांडली होती तीच ही. मोशेस अहरोन मिळाला; स्टॅग ह्यांस कोणी अहरोन मिळाला नाही. शिकलेल्या मनुष्यास अशा वेळी दोन मार्ग मोकळे असतात. एक, तसेच रेटून पदवी घ्यावी व जन्मभर मंडळीस कंटाळा आणावा. आम्ही असे काही पाळक पाहिले आहेत. दुसरा, आपल्या हाती देवाने काय दिले आहे हे निमूटपणे पाहावे. त्यांनी दुसरा मार्ग धरिला. १८९० साली ते मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनने आपले कार्यकर्ते तयार करण्यासाठी काढलेल्या शाळेत गेले.

ही शाळा लहान होती, परंतु तेथे त्या वेळी जी माणसे जमली होती ती थोर निघाली. ल्यूथर ग्यूलिक नावाचे गृहस्थ तेथे शरीरशिक्षणाचे प्रमुख होते. देह, बुद्धी व आत्मा ह्या तिहींचे शिक्षण एकत्र झाले पाहिजे असे ते मानीत. स्टॅग ह्यांनी तेथे फुटबॉलचा संघ उभा केला. त्यात जेम्स नेस्मिथ नावाचा कॅनडाकडील एक तरुण होता. तोही धर्मशिक्षण घेऊनच आलेला. ह्याच नेस्मिथ ह्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये, हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून, फळांच्या दोन करंड्या सज्जाच्या कठड्यास ठोकून बास्केटबॉल हा खेळ काढिला. ११ मार्च १८९२ रोजी लोकांसमोर त्याचा पहिला सामना झाला; एका बाजूस शिक्षक, दुसऱ्या बाजूस विद्यार्थी. शिक्षक ५-१ असे हरले. त्यांचा एकुलता एक चेंडू करंडीत टाकणारे स्टॅग हेच होते. तथापि प्रतिपक्षास धक्के देण्याची फुटबॉलची सवय त्यांस तेथेही आवरता आली नाही. ह्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेल्या हॅरी क्रो बक ह्यांनी १९२० साली मद्रास येथे शरीरशिक्षणाची शाळा काढिली, व तेथे शिकलेले शिक्षक हिंदुस्थानातील पुष्कळ शाळांतून पसरले. आपल्या मुलांस जो कवाईत शिकवितो त्या मास्तरांची वंशावळ अशी दूरवर जाऊन पोहोचते.

येल येथे स्टॅग ह्यांस विल्यम रेनी हार्पर नावाचे एक इब्री भाषेचे पंडित शिक्षक होते. बाप्तिस्त मंडळीच्या पुढाकाराने व रॉकफेलर ह्या धनाढ्याच्या पैशाने शिकागो येथे नवे विद्यापीठ निघावयाचे होते. त्याचे प्रमुखपद हार्पर ह्यांच्याकडे येत होते. त्यांनी स्टॅग ह्यांस भेटीस बोलावून शरीरशिक्षणाचा विभाग हाती घेण्यास सांगितले व वार्षिक १,५०० डॉलर देऊ केले. स्टॅग विचारात पडून गप्प राहिले. हार्पर ह्यांस वाटले, वेतन कमी पडले. त्यांनी २,००० केले. तरी उत्तर नाही. तेव्हा त्यांनी २,५०० डॉलर, प्राध्यापकाचा दर्जा व जन्मभराची नेमणूक असे सांगून टाकिले. स्टॅग ह्यांच्या मनात पैशाचा विचारच नव्हता. असल्या कामाने देवाची सेवा होईल की काय, एवढेच ते तोलीत होते. बोलता न येण्याने त्यांचा हा एकदाच फायदा झाला असावा, असे आम्हांस गमतीने वाटते. पुढे त्यांनी होकार कळविला. खेळाच्या शिक्षकास इतर प्राध्यापकांच्या पंक्तीस बसविण्याची ही अमेरिकेतील पहिलीच वेळ म्हणतात.

१८९२ च्या आक्टोबरात विद्यापीठ उघडले, आणि त्याच दिवशी स्टॅग ह्यांनी मुलांस मैदानावर बोलाविले. मुले इतकी थोडी आली की, पहिल्या हंगामात तीस वर्षांचे हे प्राध्यापक स्वतः अंगरखा काढून संघात खेळत. मैदानाची जागा मार्शल फील्ड ह्या व्यापाऱ्याने दिली होती. कुंपण व बाके घालण्याच्या कामास स्टॅग व त्यांची मुले स्वतः लागली. हेच मैदान पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, व तेथे सुमारे ५० हजार माणसे बसत.

१० सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचा विवाह त्याच विद्यापीठातील विद्यार्थिनी स्टेला रॉबर्टसन ह्यांजशी झाला. ही बाई केवळ घर सांभाळणारी नव्हती. ती सामन्याच्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसे व प्रत्येक चालीची टिपणे करी. प्रतिपक्षाचा खेळ पाहून नवऱ्यास तपशील सांगे. एक मुलगी व दोन मुलगे ह्यांचे संगोपन करून तिने हे काम साठ वर्षांच्या आसपास केले.

शिकागोत स्टॅग ह्यांनी ४१ हंगाम काढिले. पश्चिमेकडील विद्यापीठांनी १८९६ साली आपला संघ स्थापिला, तो आज बिग टेन ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात शिकागोस सात वेळा अजिंक्यपद मिळाले, पहिले १८९९ साली व शेवटचे १९२४ साली. खेळाच्या युक्त्या त्यांनी किती काढिल्या ह्याची गणती नाही. येल येथे असतानाच त्यांनी गादी गुंडाळून टांगिली व माणसाऐवजी तिजवर झेप घेण्याची तालीम मुलांकडून करविली. आता हा पुतळा सर्वत्र असतो. चाल आरंभण्यापूर्वी सर्व गडी डोकी एकत्र आणून कुजबुजतात, खेळाडूंच्या पाठीवर अंक असतात, ह्या व अशा अनेक गोष्टींचे पितृत्व त्यांस देतात. त्यांतील काही इतरांनीही त्याच सुमारास काढिल्या असतील, परंतु त्या काळात हा खेळ घडविणारा त्यांच्यासारखा दुसरा क्वचितच झाला.

मैदानावर त्यांचा दरारा मोठा. दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही. फार राग आला म्हणजे ते मुलास गाढव म्हणत. त्याहून राग आला तर दुहेरी गाढव. त्यांचे खेळाडू हसून म्हणत की, हंगाम संपता संपता संघात मनुष्यप्राणी एकही उरत नसे. सामन्यापूर्वी ते प्रार्थना करीत. परंतु जय मागत नसत. प्रतिपक्षाची मुलेही त्याच देवाची, मग त्याने कोणाचे ऐकावे? सर्वांच्या हातून त्यांचे उत्तम व्हावे, एवढेच त्यांचे मागणे असे. आपल्या मंडळ्यांत भावाभावांचे बांधावरून भांडण लागले म्हणजे दोघेही आपापल्या जयासाठी उपास करितात, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून ही गोष्ट येथे लिहिली.

आता १९०५ चे वर्ष. त्या हंगामात अमेरिकेत फुटबॉल खेळता खेळता १८ तरुण मेले, असे शिकागो ट्रिब्यून ह्या पत्राने मोजून छापिले. जखमींची संख्या शंभरावर गेली. लोकांत ओरड झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस आपल्या घरी बोलावून ताकीद दिली. खेळ बंदच करावा असे पुष्कळांचे मत पडले. स्टॅग नियम करणाऱ्या समितीत होते. १९०६ साली नियम बदलले: चेंडू पुढे फेकण्याची मुभा दिली, ज्यामुळे सगळी माणसे एकाच ठिकाणी गुडदी करीनात, पूर्वी चेंडू आपल्याकडे राखण्यास पाच यार्ड पुढे जावे लागे, ते दहा केले, आणि दोन्ही फळ्यांच्या मध्ये मोकळी जागा ठेविली. पश्चिमेकडील विद्यापीठांनी तर वर्षात पाचच सामने खेळावे असे ठरविले.

ह्याच १९०५ साली, ३० नोव्हेंबर रोजी, म्हणजे अमेरिकेतील उपकारस्तुतीच्या दिवशी, शिकागोने मिशिगनच्या संघास २-० असे हरविले. मिशिगनचा संघ त्याआधी ५६ सामने हरला नव्हता. सारे शहर आनंदाने वेडे झाले. त्या दिवसाचा वीर वॉल्टर एकर्सॉल हा होता. आणि येथेच आम्हांस एक गोष्ट लिहिणे भाग आहे, जी अशा चरित्रांतून बहुधा गाळतात. त्याच शरद ऋतूत कोलियर्स ह्या साप्ताहिकात एका लेखकाने उघड लिहिले होते की, शिकागोसह अनेक विद्यापीठे चांगल्या खेळाडूंस अभ्यासाची पात्रता न पाहता आत घेतात व सांभाळून नेतात. त्यात एकर्सॉल ह्याचे नाव होते. ते खोटे नव्हते. प्रवेशास लागणारे विषय त्याचे पुरे झालेले नव्हते, वर्गातील काम कच्चे होते; तरी तो खेळत राहिला. खेळण्याचा काळ संपल्यावर, १९०७ च्या आरंभी, विद्यापीठाने त्यास काढून टाकिले. पदवी त्यास कधीच मिळाली नाही.

जो मनुष्य ४,२०० डॉलर नाकारितो, सिगारेट ओढणाऱ्यास संघातून घालवितो, त्यास आपल्या उत्तम गड्याचे पुस्तक कोरे आहे हे दिसले नसेल काय? आमच्या मते दिसले असावे. पैशाचा मोह ज्यास स्पर्श करीत नाही त्यास यशाचा मोह करितो. तो अधिक सूक्ष्म असतो, कारण तो दुसऱ्यांच्या कल्याणाचे वस्त्र पांघरून येतो. मुलांचे शील घडविण्यासाठी खेळ, आणि खेळात जय मिळावा म्हणून त्याच मुलाच्या शिक्षणाची हेळसांड, हा विरोध त्यांच्या कामात होता. दाविदाचे चरित्र लिहिणारांनी उरीयाची बायको गाळली नाही; आम्हीही एकर्सॉल गाळीत नाही.

त्याच मनुष्याची दुसरी गोष्ट १९२२ ची आहे. २८ आक्टोबर रोजी पूर्वेकडील प्रिन्स्टनचा संघ शिकागोस आला. शिकागोच्या जॉन टॉमस ह्या धिप्पाड गड्याने तीन वेळा चेंडू रेषेपार नेला, परंतु प्रत्येक वेळी त्यानंतर मिळणारा एक जादा गुण हुकला. म्हणून २१ ऐवजी १८ च गुण झाले. शेवटच्या पावभागात शिकागोकडे १८-७ अशी आघाडी होती. इतक्यात शिकागोच्या हातून चेंडू निसटला, प्रिन्स्टनच्या गड्याने तो उचलून धाव घेतली, मग आणखी एकदा ते पार गेले, आणि २१-१८ असे झाले. वेळ संपत आली असता शिकागोने चेंडू पुन्हा प्रिन्स्टनच्या रेषेच्या अगदी तोंडाशी नेला. आता एक चाल उरली होती.

प्रिन्स्टनची सर्व माणसे मध्यभागी दाटली होती. बाजूने चेंडू फेकिला तर रान मोकळे होते, हे बाकावर बसलेल्या सर्वांस दिसत होते. मैदानातील मुलांस दिसत नव्हते. स्टॅग ह्यांचे सहायक फ्रिट्झ क्रिसलर ह्यांनी विनविले की, नवा गडी आत पाठवावा व त्याच्याबरोबर हा निरोप द्यावा. हे क्रिसलर पुढे स्वतः मिशिगनचे मोठे कोच झाले. त्या काळी नियम असा की, खेळ चालू असता बाहेरून शिकवू नये. मुलांनी आपल्या अकलेने खेळावे. बदली गड्याकरवी निरोप पाठविणे हे नियमकर्त्या समितीस नापसंत होते, तथापि तो गडी आत गेल्यावर काय बोलला हे पाहणारा कोण? पुष्कळ कोच तसे करीत. स्टॅग त्या समितीचे सभासद होते. त्यांनी गडी पाठविला नाही. मुलांनी पुन्हा टॉमस ह्याच्याच हाती चेंडू दिला, तो मध्ये घुसला, आणि रेषेच्या अलीकडे दबला गेला. सामना गेला. क्रिसलर ह्यांनी ही गोष्ट पुढे जन्मभर सांगितली.

१९०५ चा मनुष्य व १९२२ चा मनुष्य एकच. मधल्या सतरा वर्षांत तो शिकला असे म्हणावे, की दोन्ही गोष्टी एका काळजात शेजारी नांदत होत्या असे म्हणावे, हे आम्ही वाचकांवर सोडितो.

१९२३ साली त्यांनी धंदेवाईक फुटबॉलविरुद्ध जाहीर पत्र काढिले. हे सामने रविवारी होत; प्रभूच्या दिवशी पैसे घेऊन खेळणे व त्यासाठी विद्यार्थ्यांस फितविणे ह्यांवर त्यांचा रोष होता. त्याचा परिणाम फारसा झाला नाही. आज अमेरिकेत रविवारचा धंदेवाईक खेळच अधिक लोक पाहतात.

१९२४ नंतर शिकागोचे बळ ओसरू लागले. इतर विद्यापीठे सरकारी, विद्यार्थिसंख्येने मोठी, व खेळाडूंस सोयीचे अभ्यासक्रम ठेवणारी. शिकागोचा कल कठीण विद्येकडे. १९२९ साली रॉबर्ट हचिन्स हे अवघ्या तीस वर्षांचे गृहस्थ विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. खेळांवर त्यांची मर्जी नव्हती. सत्तर वर्षे झाली म्हणजे निवृत्त व्हावे असा नियम होता, तो १९३२ साली स्टॅग ह्यांस लागू करण्यात आला. विद्यापीठात मानाची दुसरी जागा देऊ केली होती. मुलांस शिकविता येणार नाही असली जागा त्यांस नको होती. हार्पर १९०६ सालीच वारले होते. जन्मभराच्या नेमणुकीची आठवण ठेवणारे फार थोडे उरले होते.

आमच्याकडे सत्तरीचा मनुष्य ओटीवर बसून नातवंडांस हाका मारितो. स्टॅग १९३३ साली बायकोस घेऊन दोन हजार मैलांवर कॅलिफोर्नियात स्टॉक्टन येथे गेले. तेथे मेथॉडिस्ट मंडळीने स्थापिलेले कॉलेज ऑफ द पॅसिफिक होते. विद्यार्थी थोडे, पैसा थोडा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी हा लहान संघ घेऊन ते शिकागोस गेले, आणि आपल्याच नावाच्या मैदानावर त्यांनी आपल्या जुन्या विद्यापीठास ३२-० असे हरविले. त्या वेळी त्यांचे वय ७६ होते. पुढच्याच वर्षी शिकागोने फुटबॉल बंद केला. त्या ओसाड बाकांखालच्या खोलीत २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फेर्मी व त्यांच्या सोबत्यांनी अणुशक्ती प्रथम मनुष्याच्या हाती आणिली. शील घडविण्यासाठी बांधिलेल्या जागेचा असा उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नीही आले नसेल.

१९४३ साली, ८१ व्या वर्षी, अमेरिकेतील कोचांनी त्यांस त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच ठरविले. तीन वर्षांनी ह्या कॉलेजानेही त्यांस म्हातारे म्हणून बाजूस सारले व सल्लागाराची जागा पुढे केली. तीही त्यांनी घेतली नाही. पेन्सिल्वेनियात ससक्वेहॅना नावाचे ल्यूथरन विद्यापीठ आहे. तेथे त्यांचा वडील मुलगा कोच होता. १९४७ पासून १९५२ पर्यंत बाप लेकाच्या हाताखाली काम करीत होता. १९५१ साली त्यांचा संघ एकही सामना हरला नाही.

मग पत्नीच्या आजारामुळे ती दोघे स्टॉक्टनला परतली. तेथील लहान कॉलेजात नव्वदी ओलांडलेला हा मनुष्य मुलांस चेंडूस लाथ कशी मारावी एवढेच शिकवू लागला. त्यांच्या नावावर मुख्य कोच म्हणून ३१४ जय जमा होते; ती संख्या पुढे १९८१ साली अलाबामाचे बेअर ब्रायंट ह्यांनी मागे टाकिली. शिकागोचे मैदान १९५७ साली पाडण्यात आले, व त्या जागी १९७० साली विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय उघडले.

१९६० साली, ९८ व्या वर्षी, त्यांनी कॉलेजास कळविले की, आता थांबतो. स्टेलाबाई १९६४ साली वारल्या. १७ मार्च १९६५ रोजी स्टॉक्टन येथे स्टॅग ह्यांनी देह ठेविला. वय १०२ वर्षे ७ महिने होते.